‘अजून चिकटवू नकोस’ म्हणणाऱ्या ताईला

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुद्दाम चारचौघांत लिहितेय. कागद-कापडाचे तुकडे चिकटवून फॅशनची चित्रं, म्हणजे कोलाज, कशी करायची हे तू शिकवलेलं मी हल्ली भेटेल त्याला शिकवत सुटले आहे आणि कौतुक मात्र फुकटात माझ्या पदरात पडतंय. ते जिथलं तिथे पोचावं, एवढाच हेतू.

स्केचबुक जमा करायला दोन दिवस उरले होते आणि माझी पानं एकमेकांना घट्ट धरून बसली होती. साध्या ८० जीएसएमच्या, म्हणजे पातळ, कागदावर पांढरा गोंद सढळ हाताने थापलेला, आणि तो वाळायच्या आत मी वही मिटून पिशवीत कोंबलेली. उघडायला गेले तर एका आकृतीचा अख्खा स्कर्ट सोलून समोरच्या पानावर जाऊन बसला. मी रडकुंडीला आले होते. तू वही घेतलीस, त्या फाटक्या स्कर्टवरून बोट फिरवलंस आणि म्हणालीस, “अगं, हा घेर इथेच जास्त शोभतोय.” मग त्याच्यावर पेन्सिलीने कंबर, खांदे, मान. मूळ पानावर कागदाचा वरचा थर निघून लव उठली होती, तिथे कोरडा पेस्टल आडवा धरून घासलास आणि बघता बघता लोकरीचा कोट उभा राहिला. पान टाकून द्यायचं नसतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी तू खरं तर माझी एकच खोड मोडलीस. मी आधी चिकटवायचे आणि मग बघायचे. तू दर दोन मिनिटांनी “अजून चिकटवू नकोस” म्हणत होतीस. तुकडे चिमट्याने सरकव, फोनवर फोटो काढ, पुन्हा सरकव, वर काच ठेव, झोप, सकाळी बघ. सुरुवातीला राग आला होता, खोटं कशाला बोलू! पण सकाळी पाहिलं तेव्हा कळलं, की रात्री जीव लावून कापलेली बाही आकृतीच्या कोपरात मोडतच नव्हती.

सगळ्यात जास्त उपयोगी पडला तो तुझा प्रमाणाचा हिशोब. फॅशनची आकृती नऊ डोक्यांच्या उंचीची. माझी होती २७ सेंमीची, म्हणजे डोकं ३ सेंमीचं. खरी बाई ढोबळमानाने १६२ सेंमी धरली तर कागदावर सगळं सहापट लहान. आणि मी त्या आकृतीला खऱ्या कापडाचा ५ सेंमीच्या फुलाचा तुकडा नेसवला होता! “म्हणजे अंगावर ३० सेंमीचं फूल. तुला हेच हवंय का?” तू विचारलंस. नको होतं. मग कापड स्कॅन करून साधारण १७ टक्क्यांवर छापलं आणि स्कर्ट एकदम स्कर्टसारखा दिसायला लागला. खरं कापड वापरलं नाही तर फसवणूक होईल असं मला वाटायचं. त्यावर तू पिकासोचा दाखला दिलास: १९१२ मध्ये त्याने चित्रात वेताची वीण छापलेलं ऑइलक्लॉथ डकवलं होतं, खरा वेत नव्हे. मी गप्प.

खरं कापड घ्यायचंच तर पातळ घे, उरेब, म्हणजे धाग्याला तिरकं, काप, मग वळणावर बसतं आणि दोरे कमी सुटतात. ऑर्गन्झासारखं पारदर्शक कापड दाखवायला ट्रेसिंग पेपरचे दोन थर. पाण्याचे रंग आधी, मेणाचे खडू नंतर. मशीनने कागदावर टाके घालायचे तर टाका लांब ठेव, नाहीतर भोकांच्या रेषेवर कागद तिकिटासारखा फाटतो. आणि ती सुई परत कापडाला लावू नकोस. हे सगळं तू बोलता बोलता सांगितलंस, मी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतलं. पुठ्ठा अजून आहे.

आणि हाना होख या जर्मन कोलाज-चित्रकर्तीची गोष्ट. १९१६ ते १९२६ ती बर्लिनच्या एका प्रकाशन संस्थेत बायकांच्या मासिकांसाठी भरतकामाचे, लेसचे नमुने काढायची आणि तसलेच नमुने स्वतःच्या कोलाजमध्ये कापून लावायची. ते ऐकून मी माझे रद्दीत जाणारे पेपर पॅटर्न, कपडे बेतायचे कागदी साचे, बाहेर काढले. उभ्या धाग्याचा बाण, टकांच्या खुणा, खोडलेली मापं, सगळ्यासकट. त्यातून जी जॅकेटं झाली ती माझ्या वहीतली सर्वांत माझी पानं आहेत. बाकीच्यांत थोडी तू दिसतेस.

एक मात्र मला आजही पटत नाही. मासिकातले चेहरे कापून लावायला तुझी सक्त मनाई. ‘चेहरा आला की कपडा मेला’ म्हणायचीस. मी अधूनमधून फक्त ओठ लावते. बघून हसशील किंवा चिडशील, पण लावते.

आत्ता हे लिहिताना टेबलावर एक पान काचेखाली आहे. कॉलर अजून सुटीच आहे, जरा डावीकडे जायला हवी असं वाटतंय. सकाळी बघेन.

मनापासून आभार, ताई.

तुझी,
गोंदवाली

ता. क. तुझा तो बारीक टोकाचा चिमटा माझ्याकडेच आहे. हरवलेला नाही, मी ढापलाय.