जुन्या स्नेह्यांच्या विवाहाला अडवू नका

संपादक महोदय,

२०१९ च्या महापुरात घरे गमावलेले आणि पुढे जोडीदाराच्या मृत्यूचे दुःखही एकमेकांच्या आधाराने सोसलेले आमच्या शिरोळ तालुक्यातील दोन जुने स्नेही विवाह करू इच्छितात. परंतु मुले व भावकी ‘या वयात कशाला’ म्हणून त्यांना अडवतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला तो कोल्हापुरातच, आणि २०२२ मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव करणारे हेरवाडही याच तालुक्यातले. त्या ठरावामुळे विधवेचे कुंकू राहिले, हे मोठेच. पण त्याच स्त्रीने पुन्हा प्रेम करणे लोकांना अजून रुचत नाही. ग्रामपंचायतींनी अशा विवाहांच्या पाठिंब्याचेही ठराव करावेत आणि मालमत्तेच्या काळजीत असलेल्या मुलांशी वडीलधाऱ्यांनी आधीच बोलावे.

— एक वाचक, जि. कोल्हापूर