नीचांकी शेअरच्या यादीबाबत

महोदय,
आपण छापता ती वर्षभराच्या नीचांकावरील (वर्षातील सर्वांत कमी भावावरील) शेअरची यादी पाहून, हळदीचा भाव पडल्यावर पोती भरून ठेवावीत तशी खरेदी करणारे आमच्या सांगलीत बरेच आहेत (मीही त्यातलाच, 140 वरून 90 ला आलेला शेअर स्वस्त म्हणून घेतला, तो पुढे 31 ला गेला). मार्च 2020 मध्ये निफ्टी (राष्ट्रीय शेअर बाजाराचा निर्देशांक) 7,600 च्या आसपास घसरला तेव्हा चांगले शेअरही सरसकट पडले होते. मात्र बाजार स्थिर असताना एकच शेअर घसरत असेल, तर कंपनीचे कर्ज, घटता नफा आणि प्रवर्तकांनी (कंपनी उभारणाऱ्या, चालवणाऱ्या मुख्य भागधारकांनी) कर्जासाठी तारण ठेवलेले समभाग आधी तपासावेत. एकास एक बोनसनंतर (प्रत्येक शेअरमागे एक शेअर मोफत मिळाल्यावर) भाव निम्मा होतो, तो तर नीचांकच नव्हे. यादीशेजारी निदान कर्जाचा रकाना छापावा, ही विनंती.

– एक वाचक, सांगली