रविवारची बैठक : दुखापत आणि आरोग्य विमा

सभासदांनो,

येत्या रविवारी सकाळी ७ वाजता चढाईच्या सरावाच्या भिंतीपाशी जमायचं आहे. दोर लावण्याआधी तासभर फक्त दुखापत आणि विमा यांवर बोलू. दुखण्यामुळे सध्या चढत नसलेल्यांनी तर नक्की या, तुमचा अनुभव आम्हाला हवा आहे.

विम्याची पॉलिसी सोबत आणा आणि 'वगळलेल्या बाबी' हा भाग आधी वाचा. साहसी खेळांतली दुखापत अनेक पॉलिसींत तिथेच वगळलेली असते, आणि हे बहुतेकांना रुग्णालयात पोहोचल्यावर कळतं. फिजिओथेरपीचा खर्च मिळतो का, तेही पाहा.

- बोटाच्या मुळाशी 'टक्क' आवाज झाला असेल (बहुधा ए-२ पुली, म्हणजे बोटातली कंडरा हाडाला धरून ठेवणारा अस्थिबंधासारखा पट्टा), तर त्याच दिवशी चढणं थांबवा. सूज उतरणं म्हणजे बरं होणं नव्हे. अस्थिबंध स्नायूंपेक्षा सावकाश भरतात. फिजिओथेरपिस्टचा होकार मिळेपर्यंत छोट्या पकडी बंद.
- बिलं, तपासण्यांचे अहवाल, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या जपून ठेवा.

उपचारांचा भार सरकारने उचलावा की ज्याने त्याने, यावर शेवटची १५ मिनिटं मोकळी चर्चा होईल. मतं ठामपणे मांडा, पण पक्षांची नावं नकोत. गेल्या वेळी त्यातच जखमी सभासदाचं बोलणं राहून गेलं होतं.

येणार असल्यास शुक्रवारपर्यंत कळवा.