आदर्शांची खरी गरज बिल्डरच्या इमारतीतच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आर्किटेक्ट मंडळी बिल्डरांच्या दावणीला बांधली गेली आहेत, अशी खंत एका वाचकाने आपल्या पत्रव्यवहारात नुकतीच मांडली. त्यांचा राग मला समजतो. बायपासपर्यंत पसरत चाललेलं आपलं इंदूर पाहून मलाही तो येतो. पण अनेक वर्षं हाच व्यवसाय केल्यावर माझं मत वेगळं झालं आहे. इथले बहुतेक लोक बिल्डरने बांधलेल्या घरातच राहणार आहेत. मग विचार करणाऱ्या आर्किटेक्टने तिकडे पाठ फिरवली, तर ती घरं कोणाच्या हाती जातील?

आपल्याच शहरातली ‘अरण्य’ वसाहत बघा. नामवंत आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींनी ती इंदूर विकास प्राधिकरणासाठी आखली आणि 1995 साली तिला वास्तुकलेसाठीचा आगा खान पुरस्कार मिळाला. गरिबांसाठीचं काम म्हणून तिचं कौतुक होतं, पण त्यामागचा हिशेब कोणी सांगत नाही. साधारण साडेसहा हजार प्लॉट, त्यातले जवळपास 65 टक्के सर्वांत कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी. सर्वांत लहान प्लॉट 35 चौरस मीटरचा. त्यावर जोतं, संडास-मोरी, पाण्याची सोय करून द्यायची. पुढच्या खोल्या ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे चढवायच्या. हे परवडलं कसं? कडेचे, मोठ्या रस्त्यांवरचे प्लॉट ऐपतदारांना नफ्याने विकले आणि त्या पैशाचा आधार आतल्या लहान प्लॉटांना दिला. बाजारभावाचं गणित त्या आराखड्यातच होतं, म्हणून तर तो कागदावर राहिला नाही. आज तिथली बरीच घरं मजले चढून ओळखीपलीकडे गेली आहेत, त्याची हळहळ वाटते. पण गल्ल्यांची आखणी अजून पायाखाली आहे.

दोशींनी वडोदऱ्याजवळ खत कारखान्याची वसाहतही केली, आणि 1978 मध्ये संशोधनासाठी वेगळी संस्था काढली. व्यवसाय आणि अभ्यास एकाच माणसाने आयुष्यभर सांभाळले. 2018 चा प्रित्झ्कर, म्हणजे वास्तुकलेतला सर्वांत मानाचा समजला जाणारा पुरस्कार, अशा माणसाला मिळाला.

आम्हा लहान ऑफिसवाल्यांचं काम इतकं मोठं नसतं. एक उदाहरण देते. शहराच्या पश्चिमेकडचा एक प्लॉट, चार मजले, प्रत्येक मजल्यावर दोन फ्लॅट. नेहमीप्रमाणे जिना मधोमध, म्हणजे भर दुपारी दिवा लावून चढायचं. आम्ही जिना पश्चिमेच्या भिंतीला नेला आणि प्रत्येक वळणावर एमओएसकडे, म्हणजे इमारतीभोवती नियमाने सोडलेल्या मोकळ्या जागेकडे, उघडणारी खिडकी दिली. मे महिन्यातलं दुपारचं ऊन आता जिना झेलतो, त्यामागच्या बेडरूमच्या भिंती तापत नाहीत. बिल्डरचा पहिला प्रश्न, “मॅडम, सेलेबल कितना घटेगा?” म्हणजे विकता येणारी जागा किती कमी होणार? प्रश्न रास्त होता, त्याचा पैसा अडकलेला असतो. त्याच्यासमोर बसून चौरस फुटांचा आणि जिन्याच्या वीजबिलाचा हिशेब मांडला, तेव्हा तो तयार झाला. काचेचा हट्ट मात्र त्याने सोडला नाही. ती काच आम्ही उत्तरेच्या दर्शनी बाजूला लावली. अशा वाटाघाटीला मी तडजोड म्हणत नाही, आमचं खरं काम तेच आहे. त्यासाठी टेबलाशी बसावं लागतं.

अडचण निराळीच आहे. 1972 चा आर्किटेक्ट्स ॲक्ट ‘आर्किटेक्ट’ या नावाला संरक्षण देतो. इमारतींचं डिझाइन दुसऱ्या कोणी करू नये असं तो म्हणत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. त्यामुळे “नक्शा पास करवा दो” एवढ्याच मागणीवर स्वस्तातलं काम कोणीही देऊ शकतो, आणि विचार करायला लागणाऱ्या वेळाचे पैसे मागणारा महाग वाटतो. पाच वर्षं शिकून आलेली मुलं संगणकावर इमारतींची चकचकीत चित्रं काढत बसतात, कारण पैसे त्याचेच मिळतात. त्या मुलांना आदर्शांवरून बोल लावू नका, ही त्या वाचकांना माझी कळकळीची विनंती.

आणि संपादक महाशय, एक विनंती आपल्यालाही. आपल्या पुरवणीत नव्या इमारतींवर मजकूर येतो तेव्हा दर्शनी भागाचा फोटो असतो. त्याच्याशेजारी एका मजल्याचा प्लॅन छापाल का? उत्तर दिशा, खिडक्या कुठे उघडतात, जिन्याला आणि संडासांना उजेड कुठून येतो, एवढं दिसलं तरी पुरे. फ्लॅट घेणाऱ्या कुटुंबाने तो प्लॅन हातात धरून हे प्रश्न बुकिंगच्या आधी विचारले, तर बिल्डर तेच प्रश्न घेऊन आमच्याकडे येईल. प्लॅन सोप्या मराठीत समजावून देणारा मजकूर लागला तर लिहून द्यायला मी तयार आहे.

आपली,
एक वास्तुविशारद वाचक
राजेंद्र नगर, इंदूर