विमा कंपनीत रुजू होण्याआधी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. मोठ्या विमा कंपनीतून तुला बोलावणं आलंय आणि घरचे म्हणतात, "तिथं काय, नुसते कागद पुढे सरकवायचे." मी बरीच वर्षं याच कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कागद भरपूर असतात, हे खरं. त्या कागदांत काय असतं, ते मात्र बाहेरून कळत नाही.

आधी या धंद्याचा उलटा क्रम समजून घे. कारखान्यात माल तयार व्हायला किती खर्च आला ते आधी कळतं, मग किंमत ठरते. इथे किंमत, म्हणजे हप्ता, आधी घ्यायचा. खर्च किती झाला ते नंतर कळणार, कधीकधी कित्येक दशकांनी. आमच्यातली जुनी माणसं नव्यांना ॲस्बेस्टॉसचं उदाहरण देतात. त्याच्या धुळीनं होणारे आजार वीस-तीस-चाळीस वर्षांनी वर येतात. त्यामुळे केव्हाच मुदत संपलेल्या पॉलिसींवर दावे येत राहिले आणि १९९०च्या आसपास लंडनच्या लॉइड्ससारखा तीन शतकं जुना विमाबाजार त्या धक्क्यानं डगमगला. म्हणूनच 'नुकसान झालंय, पण अजून कुणी कळवलेलं नाही' अशा दाव्यांसाठीही पैसे बाजूला काढून ठेवावे लागतात. ज्या माणसाचं नावही ठाऊक नाही, त्याचं देणं आजच्या हिशोबात धरायचं. मला या कामातली ही गोष्ट फार मोलाची वाटते.

हे जमतं ते मोठ्या संख्येच्या आधारावर. अमुक एक घर कधी जळेल हे कुणालाच सांगता येणार नाही, पण लाख घरांमागे साधारण किती जळतील याचा अंदाज बांधता येतो. याकोब बर्नुलीचं यावरचं गणित त्याच्या मृत्यूनंतर, १७१३ साली छापलं गेलं. त्याही आधी, १६९३ मध्ये, एडमंड हॅलीनं (हो, धूमकेतूवालाच) ब्रेस्लाऊ शहराच्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून कोणत्या वयाची किती माणसं हयात असतात याचा तक्ता मांडला होता. तुला गणिताची ओढ आहे म्हणून हे मुद्दाम लिहिलं. ॲक्च्युअरी, म्हणजे जोखमीचं गणित मांडून हप्ते आणि राखीव रक्कम ठरवणारा तज्ज्ञ, व्हायचं मनात असेल, तर नोकरी सांभाळून वर्षानुवर्षं परीक्षा देत राहायची तयारी ठेव.

एवढ्या मोठ्या कंपनीत प्रत्येकाच्या हाती कामाचा एकेक तुकडाच येतो. एजंट ग्राहकाला भेटतो, अंडररायटर त्याचा प्रस्ताव तपासतो, हप्त्यांचं तिसराच विभाग बघतो आणि नुकसान झालं की फाइल आमच्याकडे येते. विक्रीवाल्यांना टार्गेट असतं, त्यांना प्रत्येक प्रस्ताव हवा असतो. अंडररायटरला माहीत असतं, की ज्याला धोका जास्त तोच विमा घ्यायला जास्त उत्सुक असतो. ही ओढाताण कधी संपत नाही, वर्ष संपत आलं की तर फारच वाढते. आणि ती असायलाच हवी, असं माझं मत आहे. एक बाजू गप्प बसली, तर एकतर कंपनीला ग्राहक मिळायचे नाहीत, नाहीतर तिचं दिवाळं निघेल. १९९२च्या अँड्र्यू चक्रीवादळानंतर फ्लोरिडात अनेक विमा कंपन्या बुडाल्या. हप्ते घेताना वादळाचा पुरेसा विचार केलेला नव्हता, पुनर्विमाही, म्हणजे विमा कंपनीनं स्वतःसाठी दुसऱ्या कंपनीकडे घेतलेला विमा, तोकडा पडला.

आता माझा विभाग, दाव्यांचा. दावा कळवला गेला की लगेच अंदाजानं रक्कम राखून ठेवायची. मग नुकसान किती झालं ते जागेवर जाऊन पाहणाऱ्या सर्व्हेअरचा अहवाल, बिलं, पंचनामा, पॉलिसीच्या अटी. प्रत्येकाच्या सहीला रकमेची मर्यादा असते, त्यावरची फाइल वर जाते. खरा कस लागतो तो नुकसानाचं कारण ठरवताना. १९०६च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपात घरं पडली आणि मग आगीनं शहराचा मोठा भाग जाळला. पॉलिसी आगीच्या होत्या, भूकंपाच्या नव्हत्या. कित्येक कंपन्यांनी त्यावरून वाद घातले. लॉइड्समधला अंडररायटर कथबर्ट हीथ यानं मात्र आपल्या पॉलिसीधारकांना अटींचा काथ्याकूट न करता पूर्ण पैसे द्या, अशी तार केली.

रोज असं वागता येत नाही. आपण देतो ते पैसे हजारो माणसांच्या हप्त्यांतून आलेले असतात. खोटा दावा मंजूर झाला तर त्याचा भार त्यांच्यावर पडतो. खोटे दावे येतात, चांगले बनवलेले येतात. पण संशयाची सवय लागलेली माणसं मी जवळून पाहिली आहेत. 'आधी नाही म्हणून बघू, पाठपुरावा केला तर देऊ' असं वागणारा एक वरिष्ठ मला भेटला होता. अशा वागण्यात पैसे मिळतात ते भांडणाऱ्याला. ज्याचं नुकतंच कुणी गेलंय, ज्याला अर्ज लिहिता येत नाही, तो गप्प बसतो आणि त्याचा हक्क बुडतो. याचा मला आजही राग येतो.

दावा नाकारायचा असेल तर ते पत्र मी स्वतः लिहितो. ठरलेला नमुना असतो, चार कलमांचे आकडे टाकले की झालं. पण कोणती अट, ती का लागू झाली, कोणता कागद आणला तर फेरविचार होईल आणि तक्रार कुठे करायची, हे त्या माणसाला कळेल असं लिहायला फार तर अर्धा तास जास्त लागतो. लिहितालिहिता एखादी अट आपल्यालाच नीट समजावता येईना, की मी फाइल पुन्हा उघडतो. कधीकधी दावा देय निघतो.

फोनवर बोलणारा माणूस बहुतेक वेळा त्याच्या अगदी वाईट दिवसांत असतो. ते ऐकून संध्याकाळी डोकं जड होतं, ते टळत नाही. सुट्टी वेळेवर घेत जा.

तेव्हा नोकरी घे, असं माझं स्पष्ट मत आहे. पुढे गणिताकडे वळायचं असलं, तरी सुरुवातीचे काही महिने दाव्यांच्या विभागात मागून घे. मुलाखतीत दोन गोष्टी नक्की विचार: नव्या माणसाच्या सहीची मर्यादा किती, आणि नाकारलेल्या दाव्यांची फेरतपासणी कोण करतं. दुसऱ्याचं उत्तर त्यांनी टाळलं, तर मला लगेच फोन कर, मग बोलू.

तुझा,
जुना मित्र