मामा, इंजिन न खोलल्याबद्दल मनापासून आभार

मामा,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही मोबाईलवर फारसं वाचत नाही, हे मला ठाऊक आहे. तुमच्या गॅरेजात येणारं कुणीतरी वाचून दाखवेल. पण चारचौघांत लिहायचं कारण असं, की मे महिन्यात आपल्या सोलापुरात पारा 43-44 ला टेकला की कितीतरी जणांच्या गाड्या तापतात आणि त्यांना पहिल्या फटक्यात सांगितलं जातं, "हेड गॅसकेट (इंजिनाच्या दोन भागांमधलं सील) गेलंय, इंजिन खोलावं लागेल." आम्हालाही तेच सांगितलं होतं.

आमच्या बायकांच्या गटाचा सगळा धंदा त्या एका पिकअपवर चालतो. कडक भाकरी, शेंगाची चटणी, पापड; पहाटे माल भरायचा आणि तुळजापूर करून धाराशिवला जायचं. गावात गाडी नीट चालायची. तुळजापूरचा घाट लागला, की भरल्या गाडीचा काटा लाल रेघेकडे सरकायचा. पाणीही कमी होत होतं, आणि गाडीखाली तर एक थेंब दिसत नव्हता. आधीच्या गॅरेजवाल्याने इंजिन खोलायचा जो आकडा सांगितला, तो ऐकून गटातल्या बायका गप्पच झाल्या.

तुमच्याकडे गाडी आणली, तेव्हा तुम्ही बॉनेटलाही हात लावला नाहीत. आधी विचारत बसलात. काटा कधी चढतो, उभ्या गाडीत का चढावर? सकाळी गाडी गरम व्हायला वेळ लागतो का? वरून पाणी कुठलं घालता? माझा दीर गाडी चालवतो. इतके प्रश्न त्याला आजवर कुणीच विचारले नव्हते. मग म्हणालात, "गाडी रातभर हितंच राहू द्या. सकाळी थंड इंजिनवर बघू."

ती सकाळ मी विसरणार नाही. आधी ऑइलची पट्टी काढून बोटावर तेल घेतलंत: दुधाळ नाही, पांढरा फेस नाही. रेडिएटरचं टोपण काढून गाडी चालू केलीत आणि पाण्यात बुडबुडे येतात का ते बघत राहिलात. ते आले नाहीत. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. म्हणजे हेड गॅसकेट गेल्याची एकही खूण नव्हती. मग मला बोलावून माझा हात रेडिएटरच्या वरच्या होज पाइपवर ठेवलात. पाइप गाडी चालू झाल्यापासूनच हळूहळू कोमट होत होता. तुम्ही म्हणालात, "ताई, हा आत्ता गार लागायला पाहिजे. इंजिन तापल्यावर एकदम गरम व्हायला पाहिजे. आत थर्मोस्टॅट, म्हंजे रेडिएटरकडं पाणी सोडणारी झडप, नाही, नाहीतर उघडाच अडकलाय."

थर्मोस्टॅट बसतो त्या हाउसिंगचे बोल्ट काढले, तर आत थर्मोस्टॅट नव्हताच! कुणीतरी पूर्वी काढून टाकला होता. आपल्याकडे हे सर्रास चालतं, "आपल्या उन्हात त्याची काय गरज" म्हणून. मलाही ते पटलं असतं. पण तुम्ही फरशीवर खडूने नळ्या काढून समजावलंत: इंजिन गार असताना पाणी बायपासमधून आतल्या आत फिरतं. पाणी 82 अंशांच्या आसपास गेलं, की थर्मोस्टॅटमधलं मेण फुगतं, रेडिएटरकडची वाट उघडते आणि त्याच वेळी खालची चकती बायपासचं तोंड दाबून धरते. आमच्या इंजिनाची रचना अशी आहे. थर्मोस्टॅटच नसेल, तर बायपास कायम उघडा. घाटात नेमकी सगळ्यात जास्त गरज असताना बरंचसं गरम पाणी रेडिएटरला न शिवता परत इंजिनात.

पाणी कुठे जात होतं, तेही तुम्हीच शोधलंत. रेडिएटरचं टोपण दाब तपासायच्या टेस्टरवर चढवलं. त्यावर 0.9 (बार, म्हणजे दाबाचं माप) छापलेलं, पण काटा तिथे टिकेना, लगेच खाली यायला लागला. रबर कडक होऊन चिरलं होतं. टोपणाने दाब नीट धरला, तर पाणी 100 च्या पुढे, जवळपास 120 अंशांपर्यंत उकळत नाही. नाहीतर लवकर उकळतं आणि जास्तीचं पाणी जातं त्या बाटलीच्या नळीतून वाफ होऊन रस्त्यातच निघून जातं. म्हणून तर घरी उभ्या गाडीखाली कधी ओल दिसली नाही.

नवा थर्मोस्टॅट आणलात, तो थेट बसवला नाहीत. स्टोव्हवर पातेलं ठेवून, तारेला बांधून, तळाला लागू न देता तो पाण्यात सोडलात, शेजारी थर्मामीटर. आकडा 82 च्या पुढे गेला आणि ती पितळी चकती हळूच सरकली, तेव्हा तुमच्या हाताखालचा पोरगा सुद्धा हातातलं काम टाकून बघायला आला. नवा भागही तपासल्याशिवाय लावायचा नाही, ही शिस्त मी पैसे घेणाऱ्या फार थोड्या माणसांत पाहिली आहे.

बोअरच्या पाण्याने आत गंज आणि क्षार धरले होते. विटकरी पाणी स्वच्छ होईपर्यंत धूत राहिलात, मग डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं भरून, हवा निघेपर्यंत होज दाबत उभे राहिलात. बिलात थर्मोस्टॅट, टोपण, थर्मोस्टॅटचं छोटं गॅसकेट, कूलंट आणि मजुरी, एवढंच. इंजिन उतरवलं असतंत, तरी आम्हाला कळलं नसतं. आम्ही मुकाट्याने पैसे दिले असते, कर्ज काढून दिले असते.

भर दुपारी, पूर्ण माल भरून गाडी घाट चढून गेली. काटा मध्याच्या जरा वर जाऊन तिथेच थांबला. दिराने वरूनच फोन केला. गटातल्या सगळ्या बायकांनी तुम्हाला आणि त्या पोराला नमस्कार सांगितला आहे. पाटीतल्या भाकरी आणि चटणी तुमच्या घरी पोचवली आहे, तिचे पैसे देऊ नका. जुनं टोपण मी मागून घेतलं, ते आता आमच्या कामाच्या खोलीत खिळ्याला टांगलं आहे, नव्या ड्रायव्हरला दाखवायला. कूलंट बदलायची तारीख तुम्ही दारावर चिकटवून दिलीत, त्या दिवशी गाडी तुमच्याच दारात येईल.

तुमची,
भाकरीच्या गाडीवाली ताई
सोलापूर