बॅरल गेली म्हणण्याआधी तांबं बघ

सोलापूर,
१८ जानेवारी

प्रिय बापू,

गड्ड्याच्या जत्रेतून पोरांना घेऊन घरी आलो आणि तुझं पत्र हातात पडलं. काकांची .३१५ रायफल विकायला काढली म्हणतोस, का तर बॅरल, म्हणजे नळी, गेली. थांब लेका. ती गेलेली नसेल.

मलाही एकानं असंच सांगितलं होतं. पहिल्या चार-पाच गोळ्या जागेवर बसायच्या, मग पसरायला लागायच्या. बंदुका दुरुस्त करणाऱ्यानं नळीत डोकावून "रायफलिंग झिजलं", म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार खाचा गेल्या, असं सांगितलं आणि मी ते खरं मानलं. वडिलांच्या हातची वस्तू वर्षभर कपाटात पडून राहिली, ते अजून मनाला लागतं. कारण झिजलं काहीच नव्हतं. उलट नळीत तांबं चढलं होतं.

गोळीच्या आत शिसं असतं आणि वर पातळ कवच. हे कवच बहुतेक वेळा शंभरात पंचाण्णव भाग तांबं आणि पाच भाग जस्त असं असतं. नळीतून जाताना त्याचा अंश पोलादाला चिकटतो. नळी खरबरीत असेल, गंजानं खड्डे पडले असतील, तर जास्तच. वर बारुदाची काजळी बसते, तिच्यावर पुन्हा तांबं, असे थर चढत जातात. आपण मात्र रॉकेलचा बोळा फिरवून समाधान मानतो. रॉकेलनं तांबं हलत नाही बे.

तू असं कर. रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटानं तपास, बोल्ट, म्हणजे मागची सरकती कडी, काढ. आधी काजळी काढ, नाहीतर खालचं तांबं दिसणारच नाही. मग नळीच्या तोंडाकडून बॅटरीचा उजेड तिरका टाक. खाचांमधल्या उंचवट्यांवर लालसर पट्टे दिसले तर समज. पण तोंडाशी दिसतं ते दोन-चार इंचांपुरतं. खरी पारख पांढऱ्या चिंधीवर. तांबं काढणारं अमोनियाचं औषध मिळतं, ते लावून बाटलीवर लिहिलंय तेवढाच वेळ थांब आणि चिंधी फिरव. निळी-हिरवी निघाली तर ते तांबं. ताक पितळेच्या भांड्यात कळकतं ना, त्या कळकाच्या जवळचाच रंग. एका गोष्टीत मी फसलो होतो: चिंधी फिरवायच्या गजाचं टोक पितळेचं असेल तर औषध त्यालाच खातं आणि नळी साफ झाली तरी चिंधी निळीच येते. प्लॅस्टिकचं टोक आणि नायलॉनचा ब्रश घे. गज मागून, बोल्टच्या बाजूनं घाल. तोंडाची कड घासली गेली तर नेम कायमचा बिघडतो. औषध रात्रभर नळीत ठेवू नकोस, पोलादावर डाग पडतात. खिडक्या उघड्या ठेव.

माझ्या नळीला चार संध्याकाळी लागल्या. शेवटची चिंधी पांढरी आली तेव्हा आईला दाखवायला घेऊन गेलो.

ही अडचण जुनी आहे. अमेरिकेत १९२१ साली स्पर्धेच्या गोळ्यांवर कथिलाचा मुलामा दिला होता, म्हणजे आपली कल्हईच. पण गोळी काडतुसाला घट्ट चिकटून दाब वाढू लागला, म्हणून ते सोडावं लागलं. तोफांच्या बारुदात मात्र कथिल घालण्याचा उपयोग झाला. कथिलामुळे तांबं ठिसूळ होतं आणि पुढच्या गोळीबरोबर निघून जातं.

आपल्याला एवढं पुरे: सलग गोळ्या झाडून नळी तापवायची नाही, आणि घरी आल्यावर त्याच दिवशी पुसायची. आचारसंहितेत ठाण्यात जमा करण्याआधी तर नक्कीच, कारण तिथं महिनोन्‌महिने कोण पुसणार? पावसाळ्यात कापडी म्यानात ठेवू नकोस, ओल धरते. तेलाचा हात पातळ द्यायचा, आणि झाडण्याआधी नळी कोरडी करायची. दरवेळी मात्र लख्ख करत बसू नकोस. अगदी कोरी केलेल्या नळीतून माझ्या पहिल्या एक-दोन गोळ्या बाजूला जातात. नेम ठीक असेल तर थोडं तांबं राहू दे.

पुढच्या रविवारी हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला येतो. औषध, नायलॉनचा ब्रश, आणि वहिनींसाठी शेंगाचटणी घेऊन. तोवर गिऱ्हाइकाला होकार देऊ नकोस.

तुझा,
आण्णा